स्टिरिओबेल्टवाला पावेल

जुन्या बाजारात वॉकमन दाखवणारा हमखास सांगतो, ‘मशीन चालू आहे साहेब, फक्त बेल्ट टाकायचाय.’ हे ‘फक्त’ फार लबाड असतं. सेल घातले की मोटर गुरगुरते, म्हणजे मशीन चालू. कॅसेट फिरत नाही, ही बाब किरकोळ! मागचं झाकण काढलं की चाळीस वर्षांपूर्वीचा रबरी बेल्ट एकतर लुळा पडलेला असतो, नाहीतर वितळून डांबर झालेला. हे डांबर फ्लायव्हीलच्या खाचेत घट्ट बसतं आणि बोटाला लागलं तर साबणाने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने खाच लख्ख पुसायची, मगच नवा बेल्ट चढवायचा. एखादा डाग राहिला तर बेल्ट दर फेरीला तिथेच अडखळतो.

फीत हेडसमोरून सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकली पाहिजे. हा वेग कॅप्स्टन नावाचा बारीक दांडा राखतो आणि पिंच रोलर फीत त्यावर दाबून धरतो. रोलरचं रबर कडक झालं की पकड सुटते. फीत गुंडाळून घेणारं चाक ढिलं पडलं की मशीन टेप खातं. म्हणून घेण्याआधी ढोलकीची कॅसेट लावू नये, ठेक्यात दोष लपतात. तानपुरा लावावा किंवा विलंबित ख्याल. वेग सहा टक्क्यांनी कमी असेल तर काळी एकचा गायक पांढरी एकवर उतरतो. बेल्ट सैल असेल तर लांबवलेला षड्ज थरथरतो. सोनीने 1982 साली आणलेल्या डब्ल्यूएम-डीडी मॉडेलमध्ये कॅप्स्टन फिरवायला बेल्टच नाही. तिथे दुखणं वेगळं: आतल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाला कालांतराने तडा जातो आणि गाण्यामागे टिकटिक सुरू होते.

अशी यंत्रं उघडून बसण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांचा. त्या नादात वॉकमनविषयी हाती लागेल ते वाचत गेलो आणि एका खटल्याशी येऊन थांबलो. सोनीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना विमानात ऐकायला हलकं यंत्र हवं होतं, कोझो ओसोने यांच्या विभागाने ‘प्रेसमन’ या रेकॉर्डरमधून रेकॉर्डिंग काढून स्टिरिओ बसवला, दुसरे संस्थापक अकिओ मोरिता पाठीशी उभे राहिले. 1 जुलै 1979 रोजी 33,000 येनला ‘टीपीएस-एल2’ बाजारात आला. पहिल्या खेपेला तीस हजार यंत्रं केली होती, त्यातली महिनाभरात जेमतेम तीन हजार गेली. ऑगस्ट संपेपर्यंत मात्र सगळी संपली. ज्याने तो खटला लढवला त्या आंद्रेआस पावेलचं नाव या गोष्टीत नाही.

पावेल जर्मन. जन्म आखेनचा, 1945 सालचा. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण साओ पावलोत गेलं. बर्लिनमध्ये तत्त्वज्ञान शिकून तो ब्राझीलला परतला आणि दूरचित्रवाणी व पुस्तक प्रकाशनात रमला. तो काही अभियंता नव्हता. संगीताचा मात्र वेडा होता, आणि चांगला आवाज घरातच का अडकून राहावा, हा त्याचा प्रश्न होता. 1972च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झजवळच्या बर्फाळ रानात त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने हेडफोन लावून, अंगावर बाळगायच्या टेपच्या आपल्या जुळणीवर हर्बी मान यांची बासरी ऐकली. पुढे तो ग्रुंडिग, फिलिप्स, यामाहा यांच्याकडे गेला. कानाला यंत्र लावून रस्त्याने कोण फिरेल, असा एकूण सूर होता. मार्च 1977मध्ये त्याने इटलीत पेटंटचा अर्ज केला. कमरेच्या पट्ट्यावर प्लेअर, सेल आणि जोडीला हेडफोन, अशी ती कल्पना. नाव स्टिरिओबेल्ट.

पुढची पंचवीस वर्षं वकिलांची. 1980मध्ये सोनीशी बोलणी सुरू झाली. 1986 साली जर्मनीपुरता, मोजक्या मॉडेलांवर थोडासा मोबदला मान्य झाला. पावेलचं समाधान झालं नाही आणि तो इंग्लंडच्या न्यायालयात गेला. 1993मध्ये तिथे हरला, 1996मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. निकालाचा मथितार्थ असा, की छोटा टेप, हेडफोन, सेल हे सगळं आधीपासून होतंच. ते एकत्र करणं जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे, म्हणून पेटंट टिकत नाही. हरलेल्याच्या डोक्यावर न्यायालयीन खर्चाचा डोंगर आला. तरीही इतर देशांत दावे लावण्याची तयारी त्याने सोडली नाही. मोरिता 1999मध्ये वारले. त्यानंतर काही वर्षांनी, 2003-04च्या सुमारास, सोनीने न्यायालयाबाहेर तडजोड केली. रक्कम गुप्त राहिली.

झाकण उघडून बसलेल्या माणसाला न्यायालयाचं म्हणणं लगेच पटतं. स्क्रू काढले की आत मोटर, फ्लायव्हील, रोलर, हेड एवढंच. नवं काहीच नाही. पण जाणकाराला जे इतकं सहज सुचण्यासारखं होतं, ते ज्या कंपन्यांकडे पावेल गेला तिथल्या जाणकारांना समोर मांडूनही पटलं नाही. सहज सुचणारी गोष्ट एवढ्या मोठ्या कंपन्यांनी नाकारली, याला मी तरी पुरावा मानेन. ओसोने आणि मंडळींच्या कामाला यात कमीपणा नाही. सुमारे 390 ग्रॅमच्या डबीत इतका स्थिर वेग आणणं हे पावेलच्या आवाक्यातलं काम नव्हतंच. माणसं तरी लगेच एकटी ऐकायला कुठे तयार होती! पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन जागा होत्या, शिवाय शेजारच्याशी बोलता यावं म्हणून आवाज कमी करणारं नारिंगी बटण आणि छोटा मायक्रोफोन. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं.

आज बंद पडलेला टीपीएस-एल2 उत्तम चालणाऱ्या साध्या वॉकमनपेक्षा कितीतरी महाग मिळतो. 2014च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ चित्रपटात नायकाच्या कमरेला तो झळकला, तेव्हापासून तर विचारूच नका. मोटर चालते की नाही, याची चौकशीही संग्राहक करत नाहीत. ‘पहिला’ असणं पुरतं. इंग्लिश न्यायालयाने पुर्जे मोजले, बाजार मात्र पहिलेपणाचे पैसे मोजतो. तो न्याय लावला तर 1977चा अर्ज आधी येतो. तुम्हाला गाणी ऐकायची असतील तर ही चैन नको. साधं मशीन घ्या, तानपुऱ्याची कॅसेट खिशात ठेवा, आणि ‘फक्त बेल्ट’ म्हणणाऱ्याला आधी झाकण उघडायला सांगा.