बेड आधी वर घ्या

पहाटे ५.३०. कामशेतला पाऊस रात्रभर ओततोय. चहा ठेवण्याआधी मी सतरंजीवर पाठ टेकते आणि दोन्ही गुडघे छातीशी घेते. दहा मिनिटं. माझी उंची पाच फूट अकरा इंच. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. वॉर्डातला साधा लोखंडी बेड गादीसकट माझ्या गुडघ्याच्या जेमतेम वर येतो. त्यामुळे नर्सिंगच्या पहिल्या तीन वर्षांत मी सगळी कामं कंबरेतून वाकून केली. चौथ्या वर्षी पाठ धरली आणि तीन आठवडे अंथरुणातून उठता आलं नाही. तेव्हाच्या नोकरीत मला सांगण्यात आलं की उंच मुलींनी हे क्षेत्र निवडूच नये. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

६.४५. लोणावळा लोकल. मळवलीला लोहगड-विसापूर ढगात बुडालेले असतात. रुळांच्या कडेच्या खाचरांत आवणी चालू आहे. डोक्यावर इरली, पाय चिखलात, बायका ओळीने वाकलेल्या. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण १९८७ साली आलं. भाताचं वाण बदललं, पण रोप अजून वाकूनच लावतात.

७.३०. ओव्हर. रात्रीची सिस्टर एकेका बेडपाशी थांबून सांगते : कुणाला ताप, कुणाची सलाइन संपत आली, कुणाची लघवी मोजायची. वीस बेड आहेत, त्यांतले दोन पेशंट पूर्ण अंथरुणाला खिळलेले.

८ ते १०. स्पंज, चादरी, कूस बदलणं. पाठ जाते ती या दोन तासांत. वजन शरीरापासून जितकं लांब, तितका कण्यावरचा भार वाढतो, आणि खालच्या बेडवर वाकलेल्या उंच माणसाचं स्वतःचं धडच लांबवर लोंबतं. अमेरिकेतले संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली मांडलं की पेशंटला हातांनी उचलताना एका व्यक्तीवर साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये. आमच्याकडे साठ किलोचे आजोबा दोघीजणी सरकवतात.

म्हणून मी सुताराकडून आठ ठोकळे करून घेतले. वरती खोबण, म्हणजे खाटेचा पाय घसरत नाही. खिळलेल्या दोघांचे बेड त्यांवर चढवलेत, दोन्ही बाजूंना कठडे लावून. जो पेशंट स्वतः उठून संडासला जातो त्याला ठोकळे कधीच लावत नाही. रात्री उतरताना पडला तर माझी पाठ वाचवून काय उपयोग? पण माझ्या जोडीची सिस्टर चार फूट दहा इंच आहे. ठोकळ्यांवरच्या बेडशी तिचे हात खांद्याएवढे वर जातात. तिला पायरी लागते, मला ठोकळे. एका उंचीचा बेड दोघींना कधीच पुरणार नाही, मग मधल्या मापाचा शोधून काढला तरी.

आजोबांना वर सरकवताना खाली ड्रॉशीट घालतो. मी ताठ उभी राहून ओढली तर चादर कलते आणि वजन जोडीच्या सिस्टरच्या अंगावर उतरतं. म्हणून एक पाय पुढे टाकून मी गुडघ्यांतून खाली जाते, तिच्या हातांच्या पातळीपर्यंत. वॉर्डातले मामा मोजतात, “एक, दोन, तीन.” मग आजोबा म्हणतात, “झालं का गं पोरींनो?”

११.१०. पवन मावळातून एक मावशी आल्या. आवणी करताना पायाला काहीतरी चावलं, साप नीट दिसला नाही. घरच्यांनी पाय आवळून बांधला नव्हता, चिरा दिला नव्हता, मांत्रिकाकडे वेळ घालवला नव्हता. थेट गाडीत घातलं. त्यांचं हे शहाणपण आमच्या निम्म्या औषधाएवढं.

मी स्टूल ओढून बसले आणि सुई लावली. सुई लावताना मी उभी राहतच नाही. बसलं की हात स्थिर राहतो, आणि पेशंटला मान वर करून माझ्याकडे बघावं लागत नाही. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतलं. वीस मिनिटं नळीला धक्काही लावायचा नाही. मग कलती करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष भिनलंय.

त्या वीस मिनिटांत मी दर थोड्या वेळाने बीपी, पापण्या, श्वास बघत होते. मावशी माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “बाय, तू लई उंच. आवणीला असती तर तुझी पाठ गेली असती.”

“इथंही जाते, मावशी.”

“मग बसून करतीस ते बरं करतीस. आम्हाला खाचरात बसायची सोय नाही.”

नळी कलती केली, रक्त पातळच वाहिलं. डॉक्टरांनी प्रतिविषाच्या दहा बाटल्या सांगितल्या. त्या सलाइनमध्ये मिसळून तासाभरात द्यायच्या. स्टँडचा वरचा स्क्रू गंजलेला होता. सलाइन मी उभ्या उभ्या खिडकीच्या वरच्या हुकाला टांगली. शेवटपर्यंत पहिल्या काही मिनिटांसारखीच नजर ठेवली. पुरळ, थंडी, धाप यांतलं काही दिसलं तर लगेच थांबवावं लागतं.

१.१५. डबा. दहा मिनिटं.

१.३०. शनिवार असल्यामुळे भुशी धरणावर घसरलेले दोन पर्यटक आले, एकाचं मनगट मोडलेलं.

२.३०. ओव्हर दिली. मावशींचा बीपी ठीक होता, पुढची रक्ततपासणी पहिल्या डोसनंतर सहा तासांनी. हे मी वहीत लिहिलं आणि तोंडीही सांगितलं.

हँडल फिरवून खाली-वर होणारे बेड बाजारात मिळतात. नव्या खरेदीच्या यादीत ते चैनीची वस्तू म्हणून मागे पडतात, आणि यादी करणारे त्या बेडवर कधी वाकलेले नसतात. रुग्णालय चालवणाऱ्यांनी खरेदीआधी वॉर्डातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत ठेंगण्या सिस्टरला बोलावून दोघींना त्या बेडवर एक चादर घालायला सांगावी. आणि तुमचं माणूस वॉर्डात असताना सिस्टर म्हणाली, “थांबा, बेड आधी वर घेते,” तर तेवढी दोन मिनिटं तिला द्या.