म्हाताऱ्या कुत्र्यासाठी गाडी

भाकऱ्या उरकल्या असतील, शेळ्या बांधून झाल्या असतील, तर जरा रेडिओजवळ बसा. आज हप्ता, कर्ज, व्याज यांतलं काही नाही. आज बोलायचंय आपल्या दारातल्या कुत्र्याबद्दल. त्यातही म्हातारं झालेलं, पाय गेलेलं जे कुत्रं असतं, त्याच्याबद्दल.

आमच्या गटातल्या एक मावशी वस्तीवर राहतात. त्यांचा मोत्या १२ वर्षांचा. दोनदा लांडगा शेळ्यांच्या वाड्यापाशी आला, दोन्ही वेळा मोत्यानं भुंकून सगळी वस्ती उठवली. गेल्या वर्षभरात त्याचे मागचे पाय हळूहळू गेले. आधी उठताना कण्हायचा, मग लटपटायचा, शेवटी एका जागी पडून राहायला लागला. मावशींचा मुलगा म्हणाला, "बाजारच्या दिवशी टेम्पोत घालतो आणि घाटात सोडून येतो." मावशींनी ते ऐकलं आणि गटाच्या बैठकीत विचारलं, "पोरींनो, लहान पोराला बाबागाडीतून फिरवतात, तसं याला फिरवता येईल का गं?"

आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. मग मावशींचा चेहरा पाहिला आणि गप्प झाले.

नंतर माहिती घेतली, तर कळलं की मावशींच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. जपानमध्ये, कोरियात म्हाताऱ्या कुत्र्यांना अशा गाडीतून फिरवणं अगदी नेहमीचं आहे. २०२३ साली दक्षिण कोरियातल्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारात लहान मुलांच्या गाड्यांपेक्षा कुत्र्यामांजरांच्या गाड्या जास्त खपल्या. आपल्याला महागडी गाडी घ्यायची गरज नाही. पण त्यामागचा विचार आपल्या कामाचा आहे.

कुत्र्याचं जग नाकात असतं. कोण आलं, कोण गेलं, कुठून कोणतं कुत्रं गेलं, हे सगळं त्याला वासावरून कळतं. एका कोपऱ्यात पडून राहिलं की हे जग बंद होतं. ते खाणं सोडतं, चिडचिडं होतं. एकाच कुशीवर पडल्यानं कंबरेला आणि कोपरांना जखमा होतात, लघवीत अंग भिजून कातडी सोलते. दिवसातून दोनदा बाहेर नेलं तर त्याला ऊन-वारा मिळतो, जागा साफ करता येते आणि त्याचं अंगही आपल्या नजरेखालून जातं.

पण गाडीच्या आधी एक गोष्ट नीट ऐका. पाय हळूहळू, काही महिन्यांत गेले असतील तर बहुधा ते वयाचं, सांध्यांचं दुखणं असतं. मात्र एक-दोन दिवसांत अचानक पाय गेले, लाळ गळायला लागली, जबडा लोंबला, आवाज बदलला, पाणी गिळता येईना, तर ते रेबीज असू शकतं. रेबीज झालेलं प्रत्येक कुत्रं अंगावर धावून येत नाही, काही नुसती लुळी पडतात. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, त्याला उचलू नका, पोरांना लांब ठेवा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ते चावलं किंवा त्याची लाळ आपल्या जखमेला लागली, तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या. हळद, चुना, मिरची लावत बसू नका. आणि कुत्रं धडधाकट असतानाच दरवर्षी त्याला रेबीजची लस टोचून घ्या.

डॉक्टरांनी वयाचं दुखणं आहे असं सांगितलं, की मग गाडीचं बघायचं. तयार बाबागाडी लहान मुलांसाठी असते, तिच्यावर १५ किलोच्या वर वजन टाकू नये. आपलं गावठी कुत्रं अनेकदा त्याहून जड भरतं. आधी वखारीच्या काट्यावर वजन करा. हलकं असेल तर माळ्यावरची जुनी बाबागाडी चालेल. जड असेल तर मावशींनी केलं तसं करा.

मावशींनी दोरीनं मोत्याची लांबी मोजली, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. त्यापेक्षा वीतभर लांब फळी घेतली. तीन बाजूंना टोमॅटोच्या फुटक्या कॅरेटच्या भिंती तारेनं बांधल्या, चढउतारासाठी पुढची बाजू बुटकी ठेवली. चाकं भंगारवाल्याकडून लहान मुलाच्या सायकलची आणली. बाबागाडीची बारकी चाकं आपल्या खडीत आणि चिखलात रुततात, म्हणून चाक मोठं हवं. ढकलायला पाइपाचा दांडा आपल्या कंबरेच्या उंचीला लावला, म्हणजे वाकावं लागत नाही. आत खाली गोणपाट, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर जुन्या साडीच्या घड्या. साडी रोज धुवायची आणि उन्हात वाळवायची. मी विचारलं, "मावशी, गटातून पैसे हवेत का?" त्या म्हणाल्या, "कुत्र्यासाठी कर्ज? नको गं. अंड्यांचे पैसे आहेत की."

आता वापरायचं कसं ते सांगते.

पहिले दोन-तीन दिवस गाडी ढकलू नका. ती एका जागी ठेवा, चाकांना दगड लावा, कुत्र्याला आत ठेवून भाकरीचा तुकडा द्या. ते आत निवांत बसायला लागलं की मग दहा पावलं न्या. रोज थोडं वाढवा.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली. पुढचे पाय धरून ओढू नका. आपण गुडघ्यात वाकायचं, नाहीतर आपलीच कंबर धरायची. जड कुत्र्याला दोघींनी उचला. आणि लक्षात ठेवा, दुखत असलं तर घरचं कुत्रंही चावतं. त्याच्या तोंडाशी आपला चेहरा नेऊ नका.

गळ्याचा पट्टा गाडीला कधीही बांधू नका. कुत्र्यानं उडी मारली तर फास बसेल. साडीच्या रुंद काठाचा पट्टा छातीभोवती घ्या आणि तो आखूड दोरीनं गाडीला बांधा.

वेळ सकाळी आठच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. त्यात गाडीत बसलेल्याला सावलीला जाता येत नाही. बरोबर पाण्याची बाटली घ्या. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी आली म्हणून चालणं बंद करायचं नाही. जेवढं चालता येतं तेवढं चालू द्यायचं, नाहीतर उरलेली ताकदही जाते. मध्येच एखाद्या झाडाखाली थांबा, त्याला खाली घ्या, पोटाखालून जुनी ओढणी घालून मागचा भाग हलकेच उचलून धरा. चार पावलं टाकू द्या, वास घेऊ द्या, लघवी करू द्या. दमलं की परत गाडीत.

घरी आल्यावर अंग पुसून कोरडं करा. दिवसा दर दोन-तीन तासांनी कूस बदला. जखमेत किडे पडले तर फिनेल, पेट्रोल, रॉकेल ओतू नका. त्यानं कातडी भाजते आणि विष अंगात भिनतं. तसंच आपली अंगदुखीची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. आपली पशुसखी किंवा तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना यांना विचारा. १९६२ या नंबरवर फोन केला तरी पशुवैद्यकीय मदत मिळते, फोनला पैसे पडत नाहीत.

आता घाटात सोडण्याबद्दल. जनावर उपासमारीनं, तहानेनं तडफडेल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला चालता येत नाही त्याला घाटात सोडणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. वेदना खरंच थांबण्यासारख्या नसतील, खाणंपिणं सुटलं असेल, तर त्यावरही डॉक्टरांशीच बोलावं. विषाची भाकरी हा उपाय नव्हे.

मावशींना लोक हसले का? हसले. पहिले आठ दिवस पोरं गाडीमागून ओरडत फिरली. मग तीच पोरं गाडी ढकलायला भांडायला लागली. मावशी संध्याकाळी गाडी शेळ्यांच्या वाड्याच्या दाराशी लावायच्या. मोत्या तिथून मान वर करून वास घ्यायचा आणि अनोळखी माणूस आलं की भुंकायचा. पायांनी काम सोडलं होतं, नाक आणि आवाज शाबूत होते. घाटात सोडायला निघालेला मुलगाच पुढे रोज सकाळी त्याला उचलून गाडीत ठेवायचा.

श्रावणात मोत्या गेला, स्वतःच्या अंगणात, धुतलेल्या साडीवर. गाडी मावशींनी गटाच्या खोलीत आणून ठेवली आहे. सध्या शेजारच्या वस्तीवरच्या एका लंगड्या कुत्रीसाठी ती गेली आहे. तुमच्या गावात अशी एखादी गाडी करायची असेल तर पुढच्या बैठकीत विषय काढा. कोणाकडे चाकं निघतील, कोणाकडे फळी. आणि कोणी हसलं तर हसू द्या, आम्हीही हसलोच होतो.

येते मैत्रिणींनो. काळजी घ्या, दारातल्या मुक्या जिवाचीही.