निरोप कोणता, नाटक कोणते?

1877 मध्ये थॉमस एडिसनने फोनोग्राफ बनवला. पुढच्या वर्षी त्याने या यंत्राचे उपयोग एकेक करून मांडले, तेव्हा पहिला मान गाण्याला नव्हे तर पत्रलेखनाला दिला. माणसाने यंत्रापुढे बोलावे आणि ते बोलणे दुसऱ्याकडे पाठवावे, अशी कल्पना. लोकांनी त्यावर गाणी ऐकली! टेलिफोनचे उलटे झाले. 1881 च्या पॅरिसमधील विद्युत प्रदर्शनात लोक कानाला रिसीव्हर लावून ऑपेरा ऐकत होते. जहाजांच्या निरोपासाठी आलेल्या बिनतारी यंत्रणेतूनच पुढे घराघरातला रेडिओ निघाला. थोडक्यात, निरोप आणि करमणूक यांच्यातली भिंत कधी पक्की नव्हतीच.

आपल्या घरांना हे कॅसेटने दाखवले. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेली ही छोटी टेप आपल्याकडे आली ती गाण्यांसाठी, कव्वाल्यांसाठी. आखातात नोकरीला गेलेल्या माणसांनी तिचे पत्र केले. ज्या टेपरेकॉर्डरवर कव्वाली वाजायची, त्याच्यातूनच कुवेतहून मुलाचा आवाज यायचा. आधी सलाम, मग खैरियत, मग घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन विचारपूस. लिहिता-वाचता न येणाऱ्या अम्मीला खत वाचून घेण्यासाठी मास्तर शोधावा लागत नसे. (आम्हा मास्तरांचा तेवढा चहा बुडाला.) कव्वाल कोण आणि मुलगा कोण, हे मात्र लहान पोरालाही कळत होते.

मोबाइलवर ते कळेनासे झाले आहे. मुलाचा आवाज, मय्यतीची खबर, शाळेची सूचना, ईदच्या शुभेच्छा, विनोद, सिनेमाचा तुकडा, सारे एकाच पडद्यावर एकाखाली एक येते, आणि बहुतेक वेळा मामू किंवा खालाच्या नावाने. घरच्या माणसाच्या खतावर आपण जितका विश्वास ठेवत होतो, तितकाच त्या नावाखाली आलेल्या नाटकावरही ठेवतो.

याची किंमत केवढी असते ते 2018 मध्ये दिसले. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी छोटी फिल्म बनवली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी शेवट कापला. उरलेला तुकडा ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ अशा निरोपाबरोबर भारतभर फिरला. अशाच अफवांच्या त्या दिवसांत, 1 जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्या मारहाणीचेही व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

मर्यादेने वेग कमी होतो, पारख येत नाही. म्हणून नववीच्या वर्गात आम्ही वर्षातून दोन तास यासाठी काढतो. मुले घरच्या फोनवर आलेला एखादा निरोप वहीत उतरवून आणतात. आमचा प्रश्न एवढाच असतो की, हे कोण बोलते आहे आणि कोणाशी? यंदा एक मुलगी म्हणाली, “सर, पाठवलंय चाचांनी, पण यात चाचा बोलतच नाहीत.” आम्ही तिला संध्याकाळी चाचांनाच विचारायला सांगितले. त्यांनाही तो दुसऱ्याच कोणाकडून आला होता, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.