चहाचा चोथा आणि पावसातले खत

गगनबावड्यात जूनला सुरू झालेला पाऊस सप्टेंबरपर्यंत हटत नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात मी घरी खत करायला घेतले, तेव्हा अम्मी (सासूबाई) म्हणाल्या, "बेटा, इथे कपडे वाळत नाहीत, तुझा कचरा काय वाळणार?"

पहिल्या वर्षी त्यांचेच खरे झाले. भाजीची देठे, साली आणि रोजचा चहाचा चोथा मी एका बादलीत टाकत गेले. जुलैत तिला मुंग्या लागल्या, अळ्या झाल्या, वास सुटला. शेजारच्या भाभी संकोचून म्हणाल्या, "बाजी, वास घरात येतो हो." शाळेत मुलांना ओला-सुका कचरा शिकवणारी मी, खाली मान घालून उभी राहिले.

चूक दोन ठिकाणी होती. आपण चहा दूध-साखर घालून उकळतो आणि तो गोड चोथा तसाच टाकतो. मुंग्या त्यालाच लागतात. दुसरे, बादलीत सुके काहीच नव्हते. पाणी साचले की हवा जात नाही आणि कचरा खत होण्याऐवजी सडतो.

आता सकाळी पानांचा चहा करते. पाणी उकळले की गॅस बंद करायचा, कपाला एक चमचा पत्ती घालायची, झाकण ठेवून तीन-चार मिनिटे थांबायचे. जास्त वेळ ठेवला तर कडू होतो. गाळून दूध-साखर कपात घालायची. चोथा स्वच्छ राहतो. अम्मींना मात्र दुपारी उकळलेलाच चहा लागतो. तो चोथा गाळणीतच दोनदा धुऊन घेते.

बादलीला तळाशी व बाजूंना भोके पाडून ती पडवीत विटांवर ठेवावी, वळचणीखाली नको. तळाला वाळलेला पाला किंवा भाताचे पिंजर घालावे. ओला कचरा एक वाटी, तर सुके दोन वाट्या. चोथ्यात नत्र असते, पिंजरात कर्ब. खत करणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतात. आठवड्यातून एकदा वरखाली करावे. मूठभर दाबून पाहावे. थेंब-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पिंजर वाढवावे. पाला-पिंजर मे महिन्यातच पोत्यात भरून ठेवावे, पावसात ते मिळत नाही. हाडे, मासळी, तेलकट उष्टे घालू नये. टी-बॅगही नको, कारण अनेक पिशव्यांत प्लास्टिक असते.

दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येऊ लागला, की खत तयार.

घरातच ओला-सुका कचरा वेगळा करणे 2016 च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले होते. पण आपल्या घरांत 'इस्राफ नको' हे त्याच्या कितीतरी आधीपासून सांगितले जाते. ते ताटातल्या भाताइतकेच गाळणीतल्या चोथ्यालाही लागू आहे.

यंदा त्या खतावर कोथिंबीर चांगली आली. पहिली जुडी भाभींकडे दिली. त्यांनी बादली कुठे मिळते ते विचारले.