वॉरंटीत पार्ट परत करताय? आधी बिल शोधा, मग डेटा वाचवा

ज्यांना हा एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय. सोलापूरचं ऊन तापायच्या आधीच माझा पीसी डोक्याला ताप झाला होता, त्याची ही गोष्ट.

ज्या पीसीवर मी एपिसोड एडिट करतो, त्याची एसएसडी मागच्या वर्षी अधूनमधून गायब व्हायला लागली. चालू केलं की कधी दिसायची, कधी नाही. घेऊन 14 महिने झाले होते आणि वॉरंटी 3 वर्षांची. म्हटलं, टेन्शन नाही. मग आठवलं, त्यातच आजोबांचं रेकॉर्डिंग आहे. आजोबा गिरणीत होते. भोंगा, पाळ्या, संप, सगळं त्यांनी तीन दुपारी बसून सांगितलं होतं. दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

दुकानात गेलो. मालक म्हणाले, "वर्ष झालं की. आता कंपनीला विचारा." मी जाम चिडलो. नंतर कळलं, त्यांचं निम्मं बरोबर होतं.

बघा, दुकानदार जे सुरुवातीचे काही दिवस बदलून देतो, ती त्याची सोय. त्यानंतरची वॉरंटी कंपनीची. ती वापरायची तर पार्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पोचवायचा, ते तपासणार, मग दुरुस्त करणार किंवा बदलून देणार. याला आरएमए म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच पार्टना त्यासाठी पुणे-मुंबई गाठावं लागतं, नाहीतर कुरियर.

आता हे नीट कसं करायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे बिल. पक्कं बिल, आणि त्यावर पार्टचा सिरीयल नंबर. "बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल" असं कुणी म्हटलं की समजा, वॉरंटी तिथंच अर्धी गेली. थर्मल पेपरवरचं बिल तर आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात कोरं होतं. घेतल्या दिवशीच फोटो काढा आणि स्वतःला ईमेल करा.

दुसरं, सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. कधीकधी तिथं कळतं, की पार्ट भारतासाठी विकलेलाच नाही. बाहेरून आणलेला असेल तर इथं वॉरंटी मिळेलच असं नाही. प्रोसेसरचंही तसंच. डब्यातल्या प्रोसेसरला कंपनीची सहसा 3 वर्षं असतात. सुटा, ट्रेमधला घेतला तर कंपनी थेट दाद देत नाही, विकणाऱ्यालाच धरावं लागतं. एसएसडीला वर्षांसोबत लिहिण्याचीही मर्यादा असते. ठरलेले टेराबाइट लिहून झाले किंवा वर्षं संपली, जे आधी होईल ते.

तिसरं, दोष खरंच त्याच पार्टचा आहे का, ते तपासा. रॅमसाठी मेमटेस्ट86, डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो, दोन्ही फुकट मिळतात. पार्ट मित्राच्या पीसीत लावून बघा. एररचा व्हिडिओ काढा. सर्व्हिस सेंटरला "चालत नाही" सांगण्यापेक्षा "दोन मशीनवर हाच एरर येतो" सांगितलं की काम लवकर हलतं.

चौथं, पाठवण्याआधी चारही बाजूंनी फोटो. जळाल्याची खूण, फाटलेला स्टिकर, मदरबोर्डच्या सॉकेटमधली एखादी वाकलेली पिन, एवढ्यावरही क्लेम नाकारतात. नव्या मदरबोर्डच्या सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण येतं ना, ते फेकू नका. परत पाठवताना तेच लावायचं असतं. पार्ट अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, वरून बबल रॅप, मग घट्ट खोका. कुरियरची पावती आणि सेंटरचं जॉब शीट जपून ठेवा. जॉब शीटवर दोष काय लिहिलाय, तो वाचूनच सही करा.

आणि पाचवं, जे मला महागात पडलं असतं. वॉरंटी पार्टची असते, डेटाची नाही. जुनी डिस्क कंपनीकडेच राहते, आतलं काही परत येत नाही. डेटा काढून देणाऱ्याकडे गेलो, तर तो म्हणाला, डिस्क उघडावी लागेल. उघडली की वॉरंटी गेली. म्हणजे एक तर एसएसडी, नाहीतर आजोबा.

मी मित्राकडून एनक्लोजर आणलं आणि रात्रभर बसलो. डिस्क दिसली की फाइल ओढायची, गायब झाली की परत लावायची. पहाटेपर्यंत दोन दुपारी निघाल्या. तिसरी नाहीच. शेवटी आजोबांनाच विचारलं, उघडू का? ते म्हणाले, "अरे, मी अजून बसलोय की. परत विचार."

मग पाठवून दिली. 19 दिवसांनी बदली आली, नवी नव्हे, दुरुस्त केलेली. वॉरंटीच्या अटींत बहुतेक वेळा तसं लिहिलेलं असतं. आणि वॉरंटी पहिल्या बिलापासूनच मोजतात, नव्यानं 3 वर्षं सुरू होत नाहीत.

कुणी दादच देत नसेल तर? ग्राहक संरक्षण कायदा 2019 लक्षात ठेवा. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ऑनलाइन घेतलं असेल, तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार सोडवायची. आधी लेखी ईमेल करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. तरी नाही झालं, तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जा. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही पार्टी करता येतं. मालकांचं उरलेलं निम्मं चुकलं होतं ते इथं.

आजोबांची तिसरी दुपार परत रेकॉर्ड केली. या वेळी संपाची गोष्ट पहिल्यापेक्षा लांबली, आणि दोन नावं नवीन आली. फाइल आता तीन ठिकाणी आहे.

चला, हे वाचून झालं की कपाटातली बिलं काढा आणि फोटो घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!