माशीला पत्ता कोण देते?

स्वयंपाकघरात मासळी साफ करायला घेतली, तेव्हा खिडकीत एकही माशी नसते. पाच-दहा मिनिटांत दोन-चार हजर होतात. त्यांनी लांबून मासळी पाहिलेली नसते. त्यांच्यापर्यंत पोहोचलेला असतो तो वास. वाऱ्यावरून आलेला वास मिशांना जाणवला की माशी वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागते. वाटेत तो हरवला तर आडवी-तिडवी भिरभिरते आणि पुन्हा सापडला की सरळ निघते. आपल्यासाठी जी दुर्गंधी, तो तिच्यासाठी पत्ता असतो.

हा पत्ता मुंबईत सर्वांत ठळक असेल तो देवनारला. येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जात आहे. महापालिकेचे पशुवधगृहही १९७१ पासून याच परिसरात आहे. शेजारच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, गोवंडी या दाट वस्त्यांमध्ये माश्या आणि डास हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. घरमाशी आपल्या पायांवरून आणि लाळेतून अतिसार, आमांश, विषमज्वर यांचे जंतू अन्नावर आणून सोडते. त्यामुळे तिला वास कसा कळतो, हा प्रश्न इथे नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

कीटकाचे नाक म्हणजे त्याच्या मिशा, शास्त्रीय भाषेत शृंगिका. त्यांवरील बारीक केसांना सूक्ष्म छिद्रे असतात. हवेतील रसायनाचे कण त्यांतून आत शिरतात आणि आतल्या चेतापेशींवरील गंधग्राहींना चिकटतात. ठरावीक ग्राही ठरावीक रसायनांनाच प्रतिसाद देतो. केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटात म्हणजे फळमाशीत असे साधारण ६० प्रकारचे ग्राही असतात, तर माणसात ४०० च्या आसपास. संख्या कमी असली तरी तिच्या जगण्याला आवश्यक तेवढे वास ती अचूक ओळखते.

या संशोधनातला एक महत्त्वाचा टप्पा मुंबईतच गाठला गेला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे १९७०च्या दशकात ते आणि त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या वास आणि चव घेण्याच्या क्षमतेचा जनुकीय अभ्यास हाती घेतला. एखादा विशिष्ट वास ओळखू न शकणाऱ्या, पण इतर वास ओळखणाऱ्या माश्या त्यांनी शोधून काढल्या. वेगवेगळ्या वासांसाठी वेगवेगळी यंत्रणा असते आणि ती जनुकांतून ठरते, याचा तो भक्कम धागा होता. फळमाशीतील गंधग्राहींची जनुके प्रत्यक्ष सापडली ती पुढे १९९९ मध्ये.

एकाच वासाचा अर्थ दोन कीटक अगदी वेगळा लावतात. पहिल्या पावसात येणारा मातीचा वास आपल्याला आवडतो. त्यामागे जिओस्मिन हे रसायन असते आणि ते मातीतील सूक्ष्मजीव तयार करतात. फळमाशी या वासापासून दूर पळते, कारण तिच्यासाठी तो अपायकारक बुरशी-जिवाणूंचा इशारा आहे. डेंगी पसरवणारी एडिस डासाची मादी मात्र अंडी घालताना त्याच वासाकडे ओढली जाते, कारण जिथे हा वास तिथे तिच्या अळ्यांना खायला सूक्ष्मजीव मिळतात. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सच्या मादीला गटाराच्या पाण्यातला विष्ठेसारखा वास खुणावतो. वनस्पतींनीही या सवयीचा फायदा उठवला आहे. सुरणाच्या फुलाला कुजक्या मांसासारखा वास येतो तो कीटकांना फसवून परागीभवन करून घेण्यासाठी.

वास हे आपसांतल्या संवादाचेही साधन आहे. मुंग्यांच्या रांगेवरून ओले बोट फिरवले की रांग विस्कटते, कारण पुढच्या मुंगीने सोडलेली गंधाची रेघ पुसली जाते. अशा गंधसंदेशांना फेरोमोन म्हणतात. घरमाशीची मादी नराला आकर्षित करण्यासाठी जे रसायन वापरते, त्याची ओळख १९७१ मध्ये पटली. माश्यांसाठीच्या काही विषारी आमिषांत आज तेच मिसळतात. क्युलेक्सची मादी अंड्यांचा तराफा पाण्यावर सोडते, तेव्हा त्या अंड्यांतून निघणारा गंध इतर माद्यांना सांगतो की जागा चांगली आहे, इथेच अंडी घाला. म्हणून एका तुंबलेल्या नाल्यात डासांची गर्दी होते आणि शेजारच्या पाण्यात तेवढी होत नाही.

माणसालाही डास वासानेच शोधतात. श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे त्यांना आपली चाहूल लागते, मग जवळ आल्यावर घामातले लॅक्टिक आम्ल, त्वचेचा वास आणि शरीराची ऊब. ‘याचे रक्त गोड, म्हणून यालाच डास चावतात’ असे घराघरांत म्हटले जाते. रक्ताचा त्यात संबंध नाही, पण फरक खरा आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वोशॉल यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले की ज्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक आम्ले जास्त असतात, त्यांच्याकडे एडिस डास अधिक जातात आणि हा फरक वर्षानुवर्षे टिकतो. डीटसारखे डासरोधक मलम डास मारत नाही. ते त्यांना आपल्यापासून दूर ठेवते. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला मात्र ते लावू नये.

हे सगळे लक्षात घेतले की धूरफवारणीची मर्यादा कळते. धुराने उडणारे डास-माश्या मरतात. पण कचऱ्यातल्या अळ्या उरतात आणि वास तर तसाच राहतो. तो पुन्हा नव्या माश्यांना बोलावतो. अगरबत्ती किंवा सुगंधी फवाऱ्याने आपल्याला दुर्गंध दबल्यासारखा वाटतो, तरी मूळ रसायने हवेत राहतातच. उपाय हवा तो पत्त्यावर.

शेतकऱ्यांनी वासाचा हा उपयोग केव्हाच ओळखला आहे. विदर्भातील कापसाच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाची नक्कल ठेवली की नर पतंग सापळ्यात येतात आणि किडीचे प्रमाण वेळीच समजते. शहरात आपण याच्या उलट वागतो. माश्यांना बोलावणारा गंध आपणच पिशवीत भरून उघड्यावर ठेवतो.

घरी करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. मुंबईच्या उकाड्यात अंड्यापासून माशी तयार व्हायला ७ ते १० दिवस पुरतात, म्हणून ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवून रोज बाहेर काढावा. मासळी-मटणाचा टाकाऊ भाग कागदात गुंडाळावा. पाण्याचे पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावे, कारण एडिसची अंडी भिंतीला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने तग धरतात. मोरीच्या जाळ्या आणि टाक्यांची झाकणे फटीविना बसलेली असावीत.

मात्र शिवाजीनगरमधील घराने हे सगळे केले तरी समोरचा डोंगर त्याच्या हातात नाही. त्यातला बराचसा कचरा वर्षानुवर्षे शहराच्या इतर भागांतून आला आहे. भाजीची देठे, उरलेले अन्न आणि प्लास्टिक एकाच पिशवीत गेले की ते खत होत नाही, नुसते कुजते. ओला आणि सुका कचरा वेगळा केला, ओल्याचे आपल्याच सोसायटीत खत केले, तर कुजण्याचा वास देवनारपर्यंत जाणारच नाही. माशीला तो पत्ता देणे थांबवायचे असेल, तर सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांपासून होते.