मधल्या सुट्टीतलं सायन्स

मार्च आला की सबमिशनचं भूत मानगुटीवर बसतं हे वेगळं सांगायला नको. परवा जर्नल पूर्ण करायला मी लेडीज हॉस्टेलवर गेले होते. मी सोलापूरचीच, त्यामुळे मेसच्या भाजीचं दुःख मला फक्त ऐकून माहीत. रात्री अकराच्या सुमाराला माझ्या अमरावतीच्या मैत्रिणीनं कपाटातून एक पिशवी काढली आणि विचारलं, "चिचबिलाई खातेस का?" मला वाटलं, घरून काहीतरी मिठाई आली असेल. पिशवीतून निघाल्या आमच्या विलायती चिंचा! मग खरं नाव कोणतं यावर अर्धा तास भांडण. जर्नल राहिलं बाजूला आणि आम्ही सहाजणी शाळेत मधल्या सुट्टीत काय काय खायचो ते आठवत बसलो. बोरं, आवळे, बॉबी, पेप्सी, गोळा...

बोलता बोलता लक्षात आलं की यातलं बरंचसं सायन्स आपण आधी तोंडानं शिकलो आणि पुस्तकातून नंतर. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!)

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक आज्जी टोपली घेऊन बसायची. घरच्यांशी तेलुगू, आमच्याशी मराठी आणि शेजारच्या पेरूवाल्याशी कन्नड. सोलापुरात यात नवल काही नाही. शाळेच्या आत मात्र इंग्लिश सोडून दुसरं काही बोललं की शब्दामागे एक रुपया दंड होता. आज्जीकडे एक रुपयाला एक मूठ बोरं मिळायची. म्हणजे एक मराठी शब्द बरोबर एक मूठ बोरं, असा आमचा एक्स्चेंज रेट होता! मी पहिलीत गेले त्याच महिन्यात, ३० जून २०११ ला, चार आण्याचं नाणं बंद झालं. आठ आणे कायद्यानं चालू होते, पण दुकानदार घ्यायचे नाहीत. त्यामुळे माझ्या पिढीचं सगळ्यात छोटं चलन म्हणजे रुपया. त्या रुपयाची बोरं दरवर्षी थोडी थोडी कमी होत गेली. महागाई म्हणजे काय हे मला आज्जीच्या मुठीवरून कळलं.

त्या टोपलीत जे असायचं ते आपल्याकडे का मिळतं, याचं उत्तर पावसात आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्याशा पाण्यात सफरचंद येणार नाही, पण बोर येतं. बोरीचं मूळ खूप खोल जातं, उन्हाळ्यात ती पानं टाकून गप्प बसते आणि फळं धरते ती हिवाळ्यात. चिंच आणि विलायती चिंच याच जातीच्या चिवट. बांधावर कुणी न लावता उगवणार, कुणी पाणी न घालता फळणार. फुकटात पिकतं म्हणून रुपयात विकता येतं, साधा हिशोब आहे.

गंमत म्हणजे या टोपलीतले निम्मे जण परदेशी. विलायती चिंच मेक्सिकोकडची, पेरू आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातलेच, आणि साधी चिंच मूळची आफ्रिकेची. आपल्या हक्काचे म्हणावेत तर बोर, आवळा आणि कैरी. वर भुरभुरवलेलं तिखटसुद्धा पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेलं.

आता चवीकडे वळू. आवळा किंवा कच्चं बोर खाल्लं की तोंड आवळल्यासारखं होतं, त्याला आपण 'तुरट' म्हणतो. मला हा शब्द आज्जीनं शिकवला. त्याचा इंग्लिश शब्द मला थेट बारावीत कळला. पण तुरट ही गोड, खारट, आंबट यांच्यासारखी चव नाहीच, ते स्पर्शाच्या जास्त जवळचं आहे. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंडाचा आतला भाग गुळगुळीत राहतो. आवळ्यातली टॅनिन्स या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या करतात. वंगण गेलं की घर्षण वाढतं, मग जीभ टाळूला खरखरीत लागते. मेकॅनिकलवाल्यांना हे वेगळं समजवायला नको: ऑइल नसलेलं बेअरिंग!

आवळा खाऊन आम्ही सगळ्या नळाकडे धावायचो, कारण त्यावर पाणी गोड लागतं. पाणी तेच असतं. आंबटाची सवय झालेल्या जिभेवरून अ‍ॅसिड धुऊन गेलं की तिला काही क्षण साधं पाणीच गोड वाटतं. प्रयोगशाळेत सायट्रिक अ‍ॅसिड वापरूनही हे दिसलेलं आहे. आम्हाला प्रयोगशाळा लागली नाही.

पण टोपलीची खरी राणी गाभुळलेली चिंच! धड कच्ची नाही, धड पिकली नाही, टरफल सुटं झालेलं, आत हिरवट-तपकिरी गर. बहुतेक फळं पिकली की त्यांच्यातलं आम्ल कमी होतं. चिंच हट्टी. तिच्यातलं टार्टारिक अ‍ॅसिड पिकतानाही फारसं घटत नाही, वर साखर मात्र वाढत जाते. म्हणून चिंच एकाच वेळी खूप आंबटही असते आणि चांगलीच गोडही. गाभुळलेल्या अवस्थेत ही साखर नुकती कुठे भरायला लागलेली असते. 'गाभुळलेली' याला दुसऱ्या कुठल्या भाषेत शब्द असेल तर मला सांगा, मी शोधून थकले.

मग त्यावर तिखट-मीठ. मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे पेरूचा गोडवा वर येतो. तिखटाची गोष्ट आणखी भारी. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला जाऊन बसतं, तो मुळात उष्णता ओळखणारा रिसेप्टर आहे. ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास तो जागा होतो. कॅप्सायसिन त्याला फसवून आधीच जागं करतं, आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा रिसेप्टर शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता मे महिन्यात सोलापूरचा पारा किती असतो ते आठवा. आमच्याकडे हा रिसेप्टर मिरचीशिवायच चालू होतो!

म्हणूनच बर्फाचा गोळा. गोळा चोखला की रंग निघून जातो आणि हातात पांढरा बर्फ राहतो, मग गोळेवाल्याकडे पुन्हा "भैया, थोडा रंग टाका ना" म्हणून विनवणी. साखरेच्या पाकाचा गोठणबिंदू शुद्ध पाण्यापेक्षा खाली असतो. त्यामुळे पाक किसलेल्या बर्फाच्या कणांमध्ये पातळच राहतो आणि आपण ओढला की बाहेर येतो. पेप्सीचंही तेच. (पेप्सी म्हणजे ती बाटलीतली नव्हे, प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत साखरपाणी.) गोठताना आधी शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात आणि साखर उरलेल्या पाण्यात एकवटते. आपण हावरटासारखी ती आधी ओढतो, आणि शेवटी उरतो बेचव बर्फ. सावकाश चोखणाऱ्या मुलींना शेवटपर्यंत गोड मिळायचं, आणि त्या आम्हाला दाखवून दाखवून खायच्या.

पाचही बोटांत घालून खायच्या पिवळ्या नळ्या, म्हणजे बॉबी, यांचं थोडक्यात सांगते. कच्च्या नळीत थोडासा ओलावा असतो. कडक तेलात त्याची वाफ होते, वाफेनं स्टार्च फुगतो आणि तसाच घट्ट होतो. आपण विकत घेतो ती मुख्यतः हवा!

आणि रावळगाव. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' वाटल्याशिवाय वर्गात वाढदिवस साजरा व्हायचा नाही. हे गाव नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळ. तिथे १९३३ मध्ये साखर कारखाना काढणारे वालचंद हिराचंद मात्र आपल्या सोलापूरचे, जन्म १८८२. पुढे १९४२ पासून त्याच साखरेच्या गोळ्या निघू लागल्या. २०२४ मध्ये हे सगळे ब्रँड २७ कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेले.

सगळंच छान होतं असं मी म्हणणार नाही. गोळ्याच्या बर्फानं मला पाचवीत महिनाभर काविळीचं पथ्य पाळायला लावलंय (असं आईचं म्हणणं). अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा आदेश महाराष्ट्रात २०१८ मध्ये निघाला, तेव्हा आई म्हणाली, उशीर केला. गुलाबी म्हातारीच्या केसांत रोडामाइन-बी सापडलं म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूनं त्या केसांवर बंदी घातली. रोडामाइन हा कापडाचा रंग. आम्ही चादरीच्या गावचे, रंगाशी आमचा घरोबा जुना, पण कापडाचा रंग कापडावरच बरा. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार तर शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेलं काही विकता येत नाही. बॉबी आणि पेप्सी गेल्या तर जाऊ देत. पण बोर काही तळलेलं नसतं. हाकलायला येणारा माणूस मात्र टोपलीत काय आहे ते बघत नाही.

आमच्या आज्जीला कुणी हाकललं नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी नववीत होते. आदल्या आठवड्यात मी तिच्याकडून उधारीवर कैऱ्या घेतल्या होत्या, सात रुपयांच्या. हिशोब तोंडी. "सोमवारी देते आज्जी," म्हणाले होते. दहावी ऑनलाइन झाली, बोर्डाची परीक्षा झालीच नाही, आणि मार्कशीट घ्यायला गेले तेव्हा कडुनिंबाखाली टू-व्हीलर लावलेल्या होत्या. पेरूवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आली नाही परत." तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे पुढे चौकशी तरी कुणाची करणार?

तर, त्या रात्री हॉस्टेलवर पिशवी संपली आणि चटईवर काळ्या बियांचा ढीग उरला. विलायती चिंचेच्या बीचं वरचं काळं साल नखानं असं काढायचं की आतला तपकिरी पापुद्रा कुठेही फाटता कामा नये. पांढरं दिसलं की बाद. बी अख्खी सोलली गेली तर ती खिडकीत ठेवायची, म्हणजे घरी पाहुणे येतात, अशी आमच्या वर्गात पक्की समजूत होती. अमरावतीतही हाच खेळ आहे म्हणे. सहाजणींनी रात्री दीडपर्यंत बिया सोलल्या. माझ्या चार फाटल्या, पाचवी जमली. ती रूम नंबर २१४ च्या खिडकीत आहे, झाडताना कृपया टाकू नये. जर्नल अजून अपूर्णच आहे.